सबसिजन, आरएफ आणि परभणी ते संभाजीनगर: दुखतं किती, सोसायचं कसं

ताई, तुमचे तीन प्रश्न आहेत. मुरुमांच्या खड्ड्यांसाठी डॉक्टरांनी सबसिजन (कातडीखाली सुई फिरवून खड्डा मोकळा करणं) आणि मायक्रोनीडलिंग आरएफ (बारीक सुयांतून रेडिओफ्रिक्वेन्सीची उष्णता देणं) सांगितलंय, तर दुखतं किती? बधिर करायची क्रीम परभणीहून निघतानाच चेहऱ्याला फासली तर संभाजीनगरात तासभर वाचेल का? आणि त्याच दिवशी परत येता येईल का? मी मधल्या प्रश्नापासून सुरू करते, कारण त्यात धोका आहे.

घरून क्रीम लावून निघू नका. या क्रीममध्ये बहुधा लिग्नोकेन आणि प्रिलोकेन ही बधिर करणारी औषधं प्रत्येकी २.५ टक्के असतात. दवाखान्यात ती जाड थरात लावतात, वर बऱ्याचदा पातळ प्लास्टिक चिकटवतात, ४५ मिनिटं ते तासभर ठेवतात आणि सुई लावायच्या आधी पूर्ण पुसून काढतात. हेच औषध अख्ख्या चेहऱ्यावर, एसटीतल्या उकाड्यात तीन-चार तास राहिलं तर कातडीतून जास्त प्रमाणात रक्तात जातं. मग जीभ-ओठ जड पडणं, कानात गुणगुणणं, चक्कर, अंग थरथरणं असं होऊ शकतं. प्रिलोकेनमुळे क्वचित ओठ निळसर पडून धाप लागते. यातलं काहीही जाणवलं तर क्रीम पुसून टाकायची आणि सरळ दवाखाना गाठायचा. शेजारच्या मेडिकलमधून 'जास्त स्ट्राँग' ट्यूब आणायचा सल्लाही कुणी देईल, तोही ऐकू नका. मागे कधी भूल किंवा दाताचं इंजेक्शन सोसलं नसेल, किंवा घरात कुणाला जी-सिक्स-पीडी या रक्तातल्या एन्झाइमची जन्मजात कमतरता असेल, तर डॉक्टरांना आधीच सांगा.

उलट बाजूही आहे. गर्दीच्या ओपीडीत क्रीम लावून वीस मिनिटांत आत बोलावलं तर "अजून बधिर झालं नाही, थांबते" असं स्पष्ट म्हणा. आपल्याकडे बाया डॉक्टरांपुढे गप्प बसतात आणि मग टेबलावर मुठी आवळून सोसत राहतात. आरएफमध्ये दुखण्याचा अर्धा निकाल या तासाभरातच लागतो.

आता दुखण्याचं. मायक्रोनीडलिंग आरएफमध्ये बारीक सुया आत जातात आणि टोकाशी उष्णता सोडतात, म्हणून टोचणं आणि चटका एकदमच येतो, ताणलेला रबर बँड गालावर सुटावा तसा. गालाचा मांसल भाग बराच सोसतो. कपाळ, कानशील, जबड्याची कड, म्हणजे जिथं कातडीखाली लगेच हाड आहे, तिथं जास्त जाणवतं. वरच्या ओठावर तर डोळ्यांतून पाणी येतंच, त्यात भित्रेपणा काही नाही. सुरू होण्याआधी डॉक्टरांशी ठरवून घ्या की मी हात वर केला की थांबायचं. बोलायला जाल तर चेहरा हलतो. गार हवेचा पाइप असेल तर मागून घ्या, नसेल तर तिथल्या नर्सताईंना टेबल फॅन चेहऱ्याकडे वळवायला सांगा. एवढ्यानंही फरक पडतो.

सबसिजनला नुसती क्रीम पुरत नाही, तिथं लिग्नोकेनचं इंजेक्शन देतात. खरी झोंब त्या इंजेक्शनचीच, कारण ते औषध आम्लधर्मी असतं. त्यात थोडा सोडाबायकार्ब मिसळला आणि सावकाश सोडलं तर कमी झोंबतं. हे विचारायला लाजू नका. काही ठिकाणी तोंडाच्या आतून नर्व्ह ब्लॉक, म्हणजे नसच बधिर करणारं इंजेक्शन, देऊन गाल आणि वरचा ओठ एकदम सुन्न करतात. तसं केलं तर बधिरपणा उतरेपर्यंत चहा आणि खाणं दोन्ही टाळा, नाहीतर ओठ चावला जातो, तोंड पोळतं. नंतर सुई कातडीखाली फिरून खड्डा ओढून धरणारे तंतू तोडते, तेव्हा दुखत नाही, पण आतून 'कर्र' असा आवाज ऐकू येतो. पहिल्यांदा ऐकणारा माणूस या आवाजालाच घाबरतो. आवाज आला म्हणजे काम होतंय.

रिकाम्या पोटी जाऊ नका. चतुर्थी असेल तर तारीख बदला, उपाशीपोटी सुई पाहून भोवळ येते. आदल्या काही दिवसांत अंगदुखीसाठी मनानं ॲस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन घेऊ नका, सबसिजननंतर काळंनिळं जास्त पडतं. मात्र हृदयासाठी कुणाला ॲस्पिरिन सुरू असेल तर तीही मनानं बंद करायची नाही. ओठावर वरचेवर तापाचे फोड उठत असतील तर तेही आधी सांगा, त्यासाठी गोळ्या देतात. मुरुमांसाठीची आयसोट्रेटिनॉइन ही गोळी चालू असेल किंवा नुकतंच थांबवलं असेल, तर तेही लपवू नका.

नंतरचं दुखणं आपल्या भागात खरं जड जातं, कारण बाहेरची हवाच भाजते. आरएफनंतर काही तास चेहरा उन्हात पोळल्यासारखा तापतो. स्वच्छ रुमालात गुंडाळलेला गार पॅक थोडा थोडा वेळ ठेवा, बर्फ थेट कातडीवर नको. डॉक्टरांची हरकत नसेल तर पॅरासिटामॉल पुरते. बोअरचं क्षारयुक्त पाणी त्या रात्री चेहऱ्याला चरचरतं, जारचं किंवा उकळून गार केलेलं पाणी घ्या. कूलरचा झोत थेट तोंडावर घेऊ नका, त्यातून धूळ येते. सबसिजन असेल तर दोन उशा घेऊन झोपा, सूज कमी राहते. हळद, लिंबू, मावशीची 'गोरं करणारी' ट्यूब, यातलं काही लावायचं नाही. त्या ट्यूबांमध्ये बऱ्याचदा स्टेरॉइड असतं. दुखणं रोज थोडं कमी व्हायला हवं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ठणका वाढला, पू दिसला किंवा पाण्याचे फोड उठले तर फोनवर फोटो पाठवून भागवू नका, दाखवायला जा.

त्याच दिवशी परत येणं जमतं, पण सोबत कुणीतरी न्या आणि रेल्वेनं या. एसटीच्या खिडकीतून तोंडावर फुफाटा येतो आणि ऊनही त्याच बाजूला. स्टेशनवरून घरी स्कूटीवर यायचा बेत असेल तर सोडा, काळ्यानिळ्या गालावर हेल्मेटचा दाब आणि पट्टा काय करतो ते चौकात थांबल्यावर कळतं. ऑटो करा. स्कार्फ कचकचून बांधायची आपली सवय काही दिवस बाजूला ठेवा, धुतलेला सुती कपडा सैल घ्या. लालसरपणा उतरेपर्यंत उन्हात जाणं टाळा, कारण आपल्या सावळ्या कातडीवर काळे डाग पडायची भीती जास्त आणि ते खड्ड्यांपेक्षा लवकर डोळ्यांत भरतात.

तुम्ही वैशाखातल्या लग्नाचंही लिहिलंय. एका सिटिंगनंतर दुसऱ्यापर्यंत चार ते सहा आठवडे जातात आणि खड्डा भरून यायला पुढे काही महिने लागतात. म्हणून पहिली तारीख दिवाळीनंतर लगेच घ्या आणि लग्नाआधीचा शेवटचा महिना चेहऱ्याला कुणाला हात लावू देऊ नका, पार्लरलाही नाही.