ज्यू धर्मात स्त्रियांनी पुरुषांसमोर गायला बंदी आहे का?

सरसकट नाही, पंथावर अवलंबून आहे. बंदीचा आधार तालमूद या ज्यू धर्मशास्त्राच्या ग्रंथातलं शमुएल या पंडिताचं वचन: स्त्रीचा आवाज म्हणजे उघडं अंग. म्हणून काटेकोर ऑर्थोडॉक्स, म्हणजे सनातनी, पुरुष परक्या बाईचं गाणं ऐकत नाहीत. सुधारणावादी रिफॉर्म पंथाने मात्र १९७५ मध्ये आणि मध्यममार्गी कॉन्झर्व्हेटिव्ह पंथाने १९८७ मध्ये अमेरिकेत स्त्रियांना कँटर, म्हणजे प्रार्थना गाऊन चालवणाऱ्या, म्हणून मान्यता दिली. पण ऑर्थोडॉक्सांतही एकमत नाही. रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू, येहिएल याकोव वाइनबर्ग यांनी दुसऱ्या महायुद्धानंतर फ्रान्समधल्या मुलामुलींना शब्बाथची, म्हणजे शनिवारच्या पवित्र विश्रांतीच्या दिवसाची, गाणी एकत्र म्हणायची मोकळीक दिली. सगळे एकसुरात गाताना एकटीचा आवाज वेगळा ऐकू येत नाही, हाही युक्तिवाद केला जातो. आणि कोचीनच्या ज्यू बायका, परंपरानिष्ठ असूनही, मल्याळम धार्मिक गाणी पुरुषांदेखत राजरोस गायच्या!