कयामत म्हणजे प्रलय नव्हे

ख्रिस्ती श्रद्धेतल्या अंतिम न्यायाच्या दिवसाला मराठीत 'प्रलय' म्हणावं की 'कयामत', असा प्रश्न आला आहे.

प्रलय नको. प्र + ली, म्हणजे विरून जाणं. सृष्टी मूळ तत्त्वात विरघळते आणि कालांतराने पुन्हा सर्ग, म्हणजे निर्मिती, सुरू होतो, अशी ती कल्पना. आपल्या जागी ती भव्यच आहे, पण ख्रिस्ती आशा विरण्याची नाही आणि ते चक्रही नाही. तरी 'बायबलमधला प्रलय' सर्रास कानावर येतो, आणि बोलणारा नोहाच्या जलप्रलयाबद्दल बोलतोय की न्यायाच्या दिवसाबद्दल, तेही कळत नाही.

कयामत मात्र मोठा गुणी शब्द आहे, आपण त्याची माती केली. हाहाकार, अनर्थ एवढाच अर्थ उरवला, आणि 'प्रलय' असा प्रतिशब्द देऊन मोकळे होणारे कोशकारही त्यात सामील आहेत. मुळात अरबी 'कियामा', धातू क-व-म, अर्थ उभं राहणं. त्याच धातूचे 'कायम' आणि 'मुक्काम' आपण रोज वापरतो. म्हणजे कयामत हा मेलेल्यांनी उठून उभं राहण्याचा दिवस! जेरुसलेममध्ये येशूची कबर जिथे होती असं मानतात, त्या चर्चला अरबी भाषक ख्रिस्ती 'कनीसत अल-कियामा' म्हणतात. पुनरुत्थानाचं चर्च.

आणि हे 'पुनरुत्थान' तरी काय? पुनः + उत् + स्था. ग्रीक शब्द 'अनास्तासिस': अना म्हणजे वर, आणि स्तासिस आपल्या 'स्था'च्याच कुळातला. ॲनास्टेशिया हे नाव त्यावरूनच आलं. ग्रीक-संस्कृत एका घराण्यातल्या, अरबी अगदी परक्या घरची, तरी तिघींपुढे चित्र एकच: पडलेला उठून उभा राहतो. हे जुळताना दिसलं की मला दर वेळी तितकाच आनंद होतो.

माझं ठाम मत असं की हेच चित्र पृथ्वीलाही लावायला हवं. बायबलच्या शेवटच्या पुस्तकातल्या, म्हणजे प्रकटीकरणाच्या, २१व्या अध्यायातल्या 'नव्या' पृथ्वीला ग्रीकमध्ये 'कायनॉस' हे विशेषण आहे. आपल्या 'नव'चा सख्खा भाऊ 'नेऑस' हाताशी असताना तो घेतलेला नाही. नेऑस वयाने नवा, कायनॉस बहुधा गुणाने. पुढे ५व्या वचनात देव सगळं नवं करतो म्हणतो, सगळ्या नव्या वस्तू करतो असं म्हणत नाही. बायबलमधल्याच रोमकरांस पत्राच्या ८व्या अध्यायातली सृष्टीही कण्हते ती प्रसूतीच्या वेणांनी, मरणाच्या नव्हे.

यावर बायबलमधलं पेत्राचं दुसरं पत्र, अध्याय ३, वचन १०, तोंडावर फेकणारे विद्वान असतात: 'पृथ्वी जळून जाईल असं स्वच्छ लिहिलंय!' त्यांनी जुनी हस्तलिखितं बघावीत. चौथ्या शतकातल्या सिनाई आणि व्हॅटिकन प्रतींत तिथे 'जळून जाईल' नाहीच. 'हेउरेथेसेताइ' आहे, म्हणजे 'सापडेल'. आर्किमिडीजच्या 'युरेका'चाच धातू! वचनात आग आहे, नाही कोण म्हणतो? पण त्या आगीतून पृथ्वी सापडते, उघडी पडते. जे नाहीसं झालं ते सापडेल कसं?

न्यायाच्या शब्दाचं राहिलंच. 'अंतिम निवाडा' म्हणा. निवाडा 'निवडणे'तला, आणि ग्रीक 'क्रिसिस'चाही मूळ अर्थ वेगवेगळं काढणं, निवडणं असाच आहे.