मेजावर मावणारे स्टेशन

प्रिय बाय,

तुझे पत्र आणि सोबतचा छोट्या रेल्वेचा आराखडा मिळाला. आठ बाय चार फुटांच्या प्लायवर दूधसागर, पूल, तीन बोगदे आणि वरच्या कोपऱ्यात घाटमाथ्यावरचे कॅसलरॉक स्टेशन. इतक्या मन लावून काढलेल्या कागदावर काट मारायला हात धजत नाही, पण दूधसागर करू नकोस. निदान पहिला तरी नको.

भागाकार करून बघ. तू एचओ प्रमाण धरले आहेस, म्हणजे १:८७. दूधसागर ३१० मीटर उंच आहे. ८७ ने भागलेस की साडेतीन मीटरच्या वर जातो. धबधबा अजून कोसळतो आहे तोवर तुझ्या खोलीचे छत संपलेले असेल. दीड फुटाचा केलास तर त्याच्यापुढून जाणारा डबा राक्षसासारखा दिसेल आणि डोळ्याला ते पहिल्या क्षणी कळेल.

मार्ग मात्र तू बरोबर निवडलास. १८८८ मध्ये पोर्तुगीज अमलात ही मीटरगेज (एक मीटर रुंद रुळांची) वाट घाट चढून कॅसलरॉकला पोचली, तेव्हा डोंगर जसा वळला तसे रूळ वळवावे लागले. म्हणून घाटात ३७ मीटर पुढे गेल्यावर एक मीटर वर असा चढ आहे आणि गाडीला मागून ढकलायला जादा इंजिने जोडावी लागतात. मेजावर असाच घाट सोयीचा. एका रुळावरून दुसरा न्यायला साधारण आठ सेंटीमीटर उंची लागते. १:३७ चढाने तीन मीटरच्या धावेत ती मिळते. कोकण रेल्वेचा १:१५० चा चढ घेतलास तर बारा मीटर लागतील, आणि तिचे १२५० मीटर त्रिज्येचे वळण एचओमध्ये चौदा मीटरचे होते. ती सगळ्या घरात मावणार नाही.

तर माझे म्हणणे असे, की तू याच मार्गावरचे सावर्डे स्टेशन कर. मडगावला कॉलेजला जाताना तू ज्या फलाटावर उभी राहतेस, तेच. मी नोकरीची तीस वर्षे तिथून वास्कोला गेलो आणि आता फोंड्यात बसलो आहे, जिथे रेल्वेच नाही. रात्री जाग आली की शिटी ऐकायची सवय अजून जात नाही. त्यामुळे तुला जे रोज मिळते आहे त्याची किंमत मला जरा जास्त कळते.

आता इंजिन विकत घेण्याआधी महिनाभर नुसते बघ. एक वही ठेव. फलाटाची लांबी पावलांनी मोज. तुझे एक पाऊल किती सेंटीमीटरचे ते घरी फूटपट्टीने काढून ठेव. छपराचे खांब किती, दोन खांबांत अंतर किती, नळ कुठे, गळणाऱ्या नळाखाली हिरवा डाग कुठवर पसरला आहे. न थांबता जाणाऱ्या गाडीला हिरवे निशाण कोण, कुठे उभे राहून दाखवतो. शेवटच्या डब्यावरची खूण गेली की मगच गाडी पुरी गेली असे स्टेशन मानते. ती खूण आपल्या शेवटच्या डब्यावर नसेल तर जाणकार माणूस आधी तेच विचारेल. फाटकाआधी पिवळ्या पाटीवर ‘सी/फा’ लिहिलेले असते, म्हणजे शिटी, फाटक. अशी पाटी घरी अर्ध्या तासात होते आणि गाडी आपल्या देशातली आहे हे एका नजरेत सांगते.

हे सगळे फलाटावरून. रुळात उतरायचे नाही, पुलावर जायचे नाही, दूधसागरला लोक करतात तसे रुळावरून चालायचे तर मुळीच नाही. मोबाइल धरून रुळाकडे पाठ करून उभी राहिलीस असे कळले तर मी हा पत्रव्यवहार थांबवीन. प्लॅटफॉर्म तिकीट काढ, स्टेशन मास्तरांना आधी सांग.

ऐकायलाही शीक. जुन्या पद्धतीच्या रुळाचा तुकडा तेरा मीटरचा असतो आणि प्रत्येक जोडावर चाक खट्‌ करते. ४७ सेकंदांत जितके खट्‌ मोजशील तितका ताशी किलोमीटर वेग. हल्ली लांबच्या लांब रूळ वितळवून जोडलेले असतात, तिथे हा आवाज मिळत नाही. जोडाचे रूळ उरले आहेत तिथेच ऐकू येईल. एचओमध्ये तेरा मीटरचे पंधरा सेंटीमीटर होतात. बारीक कानसीने रुळाच्या माथ्यावर दर पंधरा सेंटीमीटरवर हलकी खाच मार, तुझी गाडीही बोलू लागेल. आणि ती हळू चालव. ताशी साठ किलोमीटर म्हणजे मेजावर एक मीटरला पाच सेकंद. घड्याळ लावून करून बघ. नवी माणसे याच्या तिप्पट वेगाने पळवतात आणि मग गाडी खेळण्यातली वाटते.

रुळाच्या रुंदीबद्दल विचारलेस. आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर, तो १:८७ ला सव्वाएकोणीस होतो. बाजारात मिळणारा एचओ रूळ साडेसोळाचा, कारण तो परदेशातल्या १४३५ मिलिमीटरच्या रुळावरून बेतलेला आहे. अडीच-पावणेतीन मिलिमीटरचा हा फरक सोसावा असे माझे मत. स्वतः रूळ घडवणारे लोक आहेत, पण त्यात तुझी दोन वर्षे जातील आणि गाडी धावणार नाही. मेज छातीइतके उंच कर. बाजूने, डोळ्याच्या पातळीवरून बघितले की रुंदी जाणवत नाही.

गाडी चार डब्यांची पुरे. जुन्या निळ्या पद्धतीचा डबा एचओमध्ये पाव मीटरचा, म्हणजे चार डबे आणि इंजिन मिळून सव्वा मीटर. चोवीस डब्यांची एक्स्प्रेस सहा मीटर होते. तिचा विचारही नको. पुण्यात कोथरूडला जोशींचे छोट्या रेल्वेचे संग्रहालय आहे, सुट्टीत एकदा जाऊन ये. पण तिथली भव्यता मनात घेऊन घरी येऊ नकोस. तिथे सिग्नल आणि गाड्यांचा मेळ कसा घातला आहे तेवढे बघ.

आता आपल्या हवेचे. माझा पहिला आराखडा मी भुशाच्या दाबलेल्या फळीवर केला होता. जूनमध्ये मांडला, ऑगस्टपर्यंत फळीच्या कडा फुगल्या, रुळांचे जोड सरकले आणि गाडीचा रूळ बदलणारा एक सांधा कायमचा वाकडा झाला. त्या दिवशी मी सगळे उचलून माळ्यावर टाकले आणि तीन वर्षे हात लावला नाही. तू मरीन प्लाय घे, सहाही बाजूंनी रंग दे, कापलेल्या कडांना दोनदा. पाय भिंतीपासून सुटे ठेव, म्हणजे वाळवी चढताना दिसेल. रूळ निकेल सिल्व्हरचे घे. नावात चांदी असली तरी त्यात तांबे, निकेल आणि जस्तच असते, पण आपल्या दमट हवेत पितळेपेक्षा ते बरेच बरे टिकते. काळे पडले तर सॅंडपेपर लावायचा नाही. त्याचे ओरखडे पुन्हा मळ धरतात. सुती फडके आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल, एवढेच. रुळांच्या जोडपट्ट्यांतून वीज पोचेल असे गृहीत धरू नकोस. दर मीटरला खालून तार डाखून घे. सुरुवात साध्या बारा व्होल्ट डीसीवर कर, डिजिटल नियंत्रणाचे पुढे बघू.

डोंगरासाठी थर्माकोल आणू नकोस. तुमच्या वाड्यावरची पोरे नरकासुर कसा बांधतात ते दिवाळीआधी जाऊन बघ: सांगाडा, त्यावर गवत, त्यावर खळीत बुडवलेल्या वर्तमानपत्राच्या पट्ट्या. तसाच डोंगर होतो, हलका आणि घट्ट. वरून जांभ्या चिऱ्याची पूड. इथे माझ्याकडून दुसरी चूक झाली होती. मी लाल माती खनिज उतरवतात त्या भागातून आणली होती. दिसायला अप्रतिम. महिन्याभरात इंजिन गुरगुरून थांबले, उघडले तर मोटरच्या चुंबकाला लाल-काळा लेप. खनिजाचे कण चुंबकाने ओढून घेतले होते. म्हणून कुठलीही माती आधी ऊन दाखवून वाळव, चाळून घे आणि प्लास्टिकच्या पिशवीत चुंबक गुंडाळून तो मातीतून चार-पाच वेळा फिरव. चुंबकाला काहीच चिकटेनासे झाले की मगच वापर.

चिऱ्याचा रंग निवडताना महिना ठरव. ताजा कापलेला चिरा लाल, दोन पावसाळे खाल्लेला काळपट, शेवाळ आलेला हिरवट. शेतेही तशीच. गणेशचवथीच्या सुमारास सगळे एकसारखे हिरवे, कापणीनंतर पिवळे खुंट आणि मध्ये ओल्या जमिनीचे चट्टे. एका आराखड्यात दोन ऋतू आले की काहीतरी चुकते आणि बघणाऱ्याला ते नेमके काय हे सांगता येत नाही. मी तुझ्या जागी असतो तर सप्टेंबरचा शेवट घेतला असता: भात पोटरीत, फलाटाच्या कडेला अजून ओल, आणि मध्येच ऊन.

इंजिनासाठी साठवलेले पैसे अजून सहा महिने राहू देत. चवथीला येशील तेव्हा वही घेऊन ये, पावलांचे आकडे भरलेली. माझ्याकडे एक जुने इंजिन आणि तीन मीटर रूळ आहेत, तुझ्या फलाटाच्या मापाचा पुठ्ठा कापून त्यांच्या शेजारी ठेवू आणि गाडी थांबवून बघू, तिसऱ्या डब्याचे दार नळासमोर येते का.

तुझे,
सर