चार आणि नऊ वर्षांच्या मुलांना घेऊन कोपनहेगनला येतोय, पाच दिवसांत त्यांना कुठे न्यावं?

तुम्ही जूनमध्ये येताय आणि दोघांच्या वयात पाच वर्षांचं अंतर आहे, म्हणून एकालाच आवडेल असं काही नको असं लिहिलंय. मी इथे सहा वर्षं राहतेय, माझी पोरं इथल्याच बागांमध्ये खेळून मोठी होतायत, म्हणून जरा सविस्तर सांगते.

सगळ्यात आधी, दिवसाला तिकिटाचं एकच ठिकाण ठेवा आणि उरलेला वेळ बागेत घालवा. मागच्या उन्हाळ्यात माझी नणंद आली होती, तिच्या हौसेखातर आम्ही एका दिवसात चार ठिकाणं केली आणि संध्याकाळी तिचा धाकटा फुटपाथवरच बसला तो उठेचना, रडून रडून लाल झाला. दुसऱ्या दिवशी सगळं रद्द केलं आणि सरळ फेलेडपार्कनला गेलो. ही ऑस्टरब्रो भागातली मोठी बाग, प्रवेश फुकट. तिच्यात मुलांसाठी एक छोटं ट्रॅफिकचं मैदान आहे, खरोखरच्यासारखे रस्ते, सिग्नल, पाट्या, आणि पोरं त्यावर सायकल चालवतात. आदल्या दिवशी रडणारा तोच मुलगा लाल दिव्याला दोन्ही पाय टेकवून थांबला आणि बाकावर बसलेल्या आईला ओरडून म्हणाला, "आई, तू पण थांब, लाल आहे!" दोन तास झाले तरी तो निघायला तयार नव्हता.

त्याच बागेत शहरातल्या ओळखीच्या मनोऱ्यांच्या छोट्या प्रतिकृतींचं खेळाचं मैदान आहे, त्यावर चढता येतं. तिथे खेळून झालं की दुसऱ्या दिवशी मुलांना खरा रुंदेतॉर्न दाखवा, मजा येते. हा गोल मनोरा 1642 मध्ये पूर्ण झाला आणि आत जवळजवळ सगळीकडे पायऱ्यांऐवजी गोल गोल वर जाणारी चढण आहे, 209 मीटर लांब, त्यामुळे चार वर्षांचं पोरसुद्धा धावत वर जातं. 1716 मध्ये रशियाचा झार पीटर घोड्यावरून वर गेला होता म्हणतात, हे आधी सांगून ठेवा, मग चढताना कोणी कुरकुरत नाही.

इथल्या खेळाच्या मैदानांचं मला फार कौतुक वाटतं. 1943 मध्ये, जर्मन सैन्य शहरात असताना, एमड्रुप भागात भंगार, फळ्या, विटा देऊन मुलांना स्वतःच काहीतरी बांधू देणारं मैदान सुरू झालं. सी. टी. सोरेन्सन नावाच्या लँडस्केप आर्किटेक्टची ती कल्पना, त्यांच्या लक्षात आलं होतं की पोरं सजवलेल्या बागेपेक्षा बांधकामाच्या जागी जास्त रमतात. म्हणून वाटेत कुठलंही मैदान दिसलं तरी थांबा, ते वाया गेलेला वेळ समजू नका.

टिव्होलीला जाच, पण दुपारी उशिरा जा म्हणजे दिवे लागेपर्यंत राहता येईल. 1843 पासूनची राइड्सची, करमणुकीची बाग आहे. एक लक्षात ठेवा, आत जायचं तिकीट वेगळं आणि राइड्सचे पैसे वेगळे, बजेट तसं ठेवा. मोठीला 1914 चा लाकडी रोलर कोस्टर दाखवा, त्यात अजूनही ब्रेक लावायला गाडीत माणूस बसतो.

पाऊस आला तर नॅशनल म्युझियम, टिव्होलीपासून चालत जाता येतं, 18 वर्षांखालच्यांना फुकट, आणि मुलांचा वेगळा विभाग आहे जिथे जुने कपडे घालून बघता येतात, वस्तूंना हात लावता येतो. लिटल मर्मेड या जलपरीचा पुतळा मात्र मुलांसाठी म्हणून नका ठेवू, सव्वा मीटरचाच आहे, लांब चालून पोरं हिरमुसतात. त्यापेक्षा पिवळ्या हार्बर बसमध्ये बसवा, ती बोटच असते पण बसचंच तिकीट चालतं, आणि एका मोठ्या माणसाबरोबर 12 वर्षांखालची दोन मुलं फुकट जातात.

पाचवा दिवस मोकळा राहिला तर पश्चिमेकडच्या उपनगरांत जा. तिथे थॉमस डॅम्बो नावाच्या कलाकाराने 2016 मध्ये टाकाऊ लाकडाचे सहा अवाढव्य राक्षस झाडीत, पुलाखाली असे ठेवलेत. एका दिवसात सहाही होत नाहीत, दोन निवडा आणि नकाशा मोठीच्या हातात द्या.

जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो, पोरं झोपायला बघत नाहीत, त्यामुळे खोली बुक करताना जाड पडदे आहेत का ते विचारून घ्या, आणि जून असला तरी पातळ जॅकेट रोजच्या बॅगेत असू द्या.