पहिल्या बाळंतपणाला आई का लागते

प्रिय बाळा,

परवा तू विचारलंस, "आई, आपल्यात पहिल्या बाळंतपणाला मुलीची आईच का लागते? आणि तीही तीन महिने?" तुझ्या सासूबाईंनी सहज चौकशी केली होती. त्यांच्याकडे आजी आठवडाभर येते, बाळाला मांडीवर घेते, फ्रीज भरून ठेवते आणि परत जाते. हे सगळं फोनवर सांगून होण्यासारखं नाही, म्हणून पत्र लिहितेय. जावईबापूंनाही वाचून दाखव.

आधी एक सांगते. मी नातवंडासाठी येत नाहीये. त्याला बघायची ओढ आहेच, रात्री झोप लागेनाशी झालीय इतकी आहे. पण येतेय ती तुझ्यासाठी. बाळाला बघायला सगळेच येतात. बाळंतिणीकडे बघायला एक माणूस लागतं आणि ते तिची आई असावं, असं आपल्याकडच्या बायकांनी ठरवून टाकलं.

का, ते ऐक. कऱ्हाडच्या आजीच्या आईच्या काळी मुली पंधराव्या-सोळाव्या वर्षी बाळंत व्हायच्या. सासरी पहाटेपासून दळण, पाणी, गोठा. "आज माझी कंबर धरलीय, मी उठत नाही," असं तिथे म्हणायची सोय नव्हती. आईजवळ ते म्हणता यायचं. म्हणून सातव्या महिन्यात ओटी भरली की मुलगी माहेरी यायची आणि बाळाला घेऊन दोन-तीन महिन्यांनी परत जायची. शेतकरी घरातल्या बाईला उभ्या जन्मात सलग विश्रांती मिळायची ती बहुधा तेवढीच. दहा दिवस सोयर असायचं. त्यातलं विटाळाचं मी मानत नाही, तूही मानू नकोस. पण त्या निमित्तानं का होईना, तिला चुलीपाशी कुणी जाऊ देत नसे आणि ओल्या बाळंतिणीच्या खोलीत गावभरची माणसं शिरत नसत. हे मात्र मी पाळणार आहे. पहिले दहा दिवस दारावर मी उभी असेन.

तुझ्या वेळी मला माहेरी जाता आलं नाही. बाबांची नोकरी नवी होती आणि प्रवासाला पैसे बेताचे. मग आजीच आली. आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसली ती थेट कॅनडात, टोरांटोच्या जानेवारीत उतरायला. सामानात डिंक, खारीक, आळीव, सुंठ आणि दोन जुनी, धुऊन धुऊन मऊ झालेली नऊवारी लुगडी. एकाच्या पट्ट्या करून तिनं माझं पोट बांधलं. दुसऱ्याची तुझी दुपटी झाली.

तुझी आंघोळ मला अजून दिसते. फ्लॅटमधल्या टबात आजी रबरी चटई टाकून बसायची, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचून, पाय लांब करून. नडग्यांवर तुला पालथं घ्यायची. मी बाजूला स्टुलावर बसून तांब्यानं पाणी द्यायची. पाण्यात आधी आजीचं कोपर बुडायचं, मगच ते तुझ्या अंगावर पडायचं. तू टाहो फोडायचीस आणि पाठीवरून धार गेली की गप्प व्हायचीस. तुला दुपट्यात गुंडाळून निजवलं की आजी माझ्याकडे वळायची. "आता तू चल." तुझं दहा मिनिटांत उरकायचं, माझं अर्धा तास चालायचं. तिळाच्या तेलानं कंबर, पोटऱ्या, टाचासुद्धा चोळून काढायची. मी नोकरी करणारी, परदेशात संसार थाटलेली बाई. आता कुणी आपल्या टाचा चोळेल असं मला वाटलंच नव्हतं. सासूबाईंना द्यायचं उत्तर खरं तर हेच आहे. बाळाचं सगळेच करतात गं, पण त्याच घरात आपलंही कुणी करतंय, हे त्या दिवसांत फार लागतं.

बाळंतिणीला एकटं ठेवायचं नाही, हाही आजीचा नियम होता. दिवेलागणीला मला उगाच रडू यायचं. ती काही विचारायची नाही. शेजारी बसून लसूण सोलत राहायची. पहिल्या पंधरा दिवसांत असं रडू पुष्कळ जणींना येतं आणि आपोआप ओसरतं. दोन आठवडे उलटूनही ओसरलं नाही, बाळ झोपलेलं असताना तुला झोप येईना, कशातच मन लागेना, तर डॉक्टरांना सांगायचं, लगेच सांगायचं. नर्स घरी येईल तिलाही सांग. जवळ माणूस असलं की हे लवकर ध्यानात येतं. मी त्यासाठीही येतेय.

खाण्याचं म्हणशील, तर डिंकाचे लाडू मी इथे करून आणत नाही, तुझ्याकडेच करीन. डिंकाचे बारीक खडे करून थोडे थोडे तुपात टाकायचे. मोठा खडा वरून फुलतो, आत कच्चा राहतो आणि दाताला चिकटतो. आळीव नारळाच्या पाण्यात भिजवून फुगले की ओलं खोबरं आणि गूळ घालून शिजवायचे, वरून जायफळ. त्यात लोह असतं, दूध येतं म्हणून आपल्याकडे देतात. पण ते बाळंतपणानंतरच. आत्ता मिळाले तरी खाऊ नकोस. जेवायला बाजरीची भाकरी, शेपूची भाजी, लसणाची चटणी, मऊ भात, तूप. महिनाभरात तुला कंटाळा येईल. मग पास्ता कर, मी काही म्हणणार नाही.

आता जे मी करणार नाही, तेही लिहून ठेवते, म्हणजे जावईबापूंना धास्ती नको. ओवा आणि बाळंतशेपांची धुरी नाही. बाळाच्या छातीला धूर चांगला नाही. सहाणेवर उगाळून गुटी नाही. पहिले सहा महिने आईचं दूध, आणि इथे नर्स सांगते ते ड जीवनसत्त्वाचे थेंब, रोज 400 युनिट. मध तर वर्षाच्या आत बोटभरही चाटवायचा नाही. त्यातून लहान बाळाला बॉट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. काजळ नाही, नाका-कानात तेल नाही. आजीनं शिवून पाठवलेली गोधडी पाळण्यात घालायची नाही. बाळ पाठीवर, घट्ट गादीवर, मोकळं झोपेल. गोधडी जमिनीवर अंथरायची आणि जागं असताना त्यावर खेळवायचं. जुन्या बायका त्यांना जे माहीत होतं त्यावर बाळं जगवत होत्या. आपल्याला आणखी थोडं कळलंय, तर ते वापरायचं. त्यात त्यांचा अपमान नाही.

बारसं बाराव्या दिवशीच हवं असा माझा हट्ट नाही. जवळचा शनिवार धरू. नणंदेला आत्याचा मान द्यायचा. तिनं बाळाच्या कानात "कुर्र" करून नाव सांगायचं आणि मग आपण सगळ्यांनी तिच्या पाठीत धपाटे घालायचे. हे तिला आधी सांगून ठेव. घुगऱ्या मी करीन. तुझ्या बारशाला पाळण्याची दोरी पहिल्यांदा आजीनं धरली होती. ती तेव्हा विधवा होती आणि अशा वेळी मागे मागे राहायची. बाबांनी तिचा हात धरून तिला पुढे आणलं. ती आता पणजी होणार. पतवंड पाहिलं की सोन्याची फुलं उधळतात, म्हणून तिनं कऱ्हाडच्या सोनाराकडून इवलीशी फुलं करून घेतलीत. व्हिडिओवर उधळीन म्हणतेय. तेव्हा फोन नीट उभा करायचं बघ.

तुझ्या सासूबाईंना माझ्यातर्फे सांग की ही जागा एकट्या माझी नाही. तुम्हीही या, पाहिजे तितके दिवस राहा. पूर्वी नवरा आपल्या घरी दूर राहायचा आणि बारशालाच बाळ बघायचा. तो भाग गेला हे फार चांगलं झालं. जावयांना मी बाजूला सारणार नाही, रात्रीची लंगोट बदलायची पाळी त्यांचीच. तुम्ही दोघांनी रजा वाटून घेतलीत तर पालकत्वाचा भत्ता एकूण 40 आठवडे मिळतो आणि एकाला 35च्या वर नाही. म्हणजे त्यांच्या वाट्याचे पाच आठवडे आहेत. त्यातले दोन सुरुवातीला घ्या, उरलेले मी परत गेल्यावर. मी गेल्यानंतरचा पहिला महिना तुला जड जाईल. माझी आई परत गेली तेव्हा मलाही तो जड गेला होता.

बाबा माझ्याबरोबर येत नाहीत, मागून येतील. निवृत्त झालो की टोरांटो ते व्हँकूवर 'द कॅनेडियन' या रेल्वेगाडीनं जायचं, सगळे 4,466 किलोमीटर, चार रात्री, असं आमचं कितीतरी वर्षं ठरलेलं होतं. आता ते एडमंटनपर्यंतच येणार, कारण 1990पासून ती गाडी तुमच्या कॅल्गरीवरून जात नाही. एडमंटनहून तुमच्याकडे 300 किलोमीटर, बसनं. मी त्यांना बजावलंय की बाळ आल्याचा फोन आला की मगच निघा. मालगाड्यांना वाट देता देता त्या गाडीला किती उशीर होईल सांगता येत नाही, आणि तुझी तारीख तर आणखीच बेभरवशाची. व्हँकूवर पुढच्या वर्षी. तेव्हा नातवंडालाच घेऊन जाऊ, असं ते आत्ताच म्हणायला लागलेत. रोज संध्याकाळी मांडीवर उशी घेऊन मला विचारतात, मान अशी धरायची का? त्यांना कधी इतकं उत्सुक पाहिलं नव्हतं.

माझं तिकीट तुझ्या तारखेच्या दोन आठवडे आधीचं आहे. तुमच्याकडे जाड बुडाची कढई आहे का ते कळव, पातळ बुडाच्या कढईत डिंक करपतो. नसली तर आमचीच आणते. आणि सासूबाईंना विचार, त्यांना खोबरं चालतं ना?

तुझी,
आई