कंपनीचे क्वार्टर घ्यावे की स्वतःच्या घरासाठी कर्ज?

प्रश्न : माझे यजमान रबाळ्याच्या एका कारखान्यात बारा वर्षे नोकरीस आहेत. कंपनी घणसोलीत कामगारांसाठी क्वार्टर्स बांधत आहे. भाडे नाही, पण घरभाडे भत्ता बंद होईल. ज्यांना क्वार्टर नको, त्यांना घरासाठी कमी व्याजाने कर्ज मिळेल. काय निवडावे? हा खर्च सीएसआरचा (कंपनीच्या सामाजिक जबाबदारीचा) असल्याने घर पुढे आपल्याच नावावर होईल, असे काही जण सांगतात. ते खरे आहे का?
– एक वाचक, ऐरोली

उत्तर : ताई, नावावर होण्याची आशा मनातून काढून टाका. कंपनी कायदा, 2013 च्या कलम 135 नुसार मोठ्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान 2 टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करावी लागते. परंतु केवळ स्वतःच्या कर्मचाऱ्यांसाठी केलेला खर्च त्यात धरता येत नाही. दिघ्याच्या किंवा तुर्भ्याच्या वस्तीत कंपनीने शौचालये बांधली तर तो सीएसआर. तुमचे क्वार्टर ही नोकरीची सवलत आहे आणि ती नोकरीबरोबरच संपते. निवृत्तीनंतर ते अडवून ठेवल्यास याच कायद्याच्या कलम 452 खाली खटला होऊ शकतो. जुन्या कायद्यातील अशाच कलमाबाबत सर्वोच्च न्यायालयाने 1987 मध्येच ते माजी कर्मचाऱ्यालाही लागू असल्याचे स्पष्ट केले आहे.

क्वार्टर फुकट असले तरी त्याचे मूल्य करपात्र उत्पन्नात मिळवले जाते, हे पगारपत्रकात दिसेल.

ठाण्यातील एका वसाहतीत निवृत्त कामगाराने घर सोडतानाचा प्रसंग मी पाहिला आहे. कारकून यादी हातात घेऊन पंखे आणि नळ मोजत होता. त्या कुटुंबाने बोनसच्या पैशांतून घातलेला कडाप्प्याचा ओटा यादीत नव्हता आणि उचलून नेण्यासारखाही नव्हता. सत्तावीस वर्षांनंतर ते भाड्याच्या खोलीत गेले.

म्हणून, हप्ता झेपत असेल तर कर्ज घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. आज झेपत नसेल, तर क्वार्टर जरूर घ्या; मात्र सध्या भाड्यावर खर्च होणाऱ्या रकमेतून भत्ता वजा जाऊन जे उरेल, ते दरमहा घरासाठी बाजूला टाका. सही करण्यापूर्वी दोन गोष्टी लेखी मागाव्यात : नोकरी सुटल्यास उरलेले कर्ज एकरकमी भरावे लागेल का आणि निवृत्तीनंतर किंवा यजमानांचे काही बरेवाईट झाल्यास क्वार्टर रिकामे करण्यास किती महिने मिळतील. युनियन असेल तर ही मागणी सर्वांच्या वतीने तिच्यामार्फतच करावी.