वाचकांचे प्रश्न : चालक जेव्हा मालक होतो

प्रश्न (भुसावळ) : नॅस्कारमधले (अमेरिकेतली मोटारशर्यतींची मालिका) टीममालक रिचर्ड चिल्ड्रेस यांनी चालक म्हणून एकही शर्यत जिंकली नव्हती असं वाचलं. मग ते एवढे मोठे कसे झाले?

उत्तर : वाचलंत ते खरं आहे. 285 शर्यती, विजय एकही नाही. 1969 मध्ये टॅलडेगाच्या ट्रॅकवर टायर टिकत नाहीत म्हणून नावाजलेल्या चालकांनी माघार घेतली आणि त्या मोकळ्या जागेत चिल्ड्रेस पहिल्यांदा उतरले. पुढे कित्येक वर्षं ते स्वतःच्याच टीमची गाडी चालवत राहिले. 1981 च्या हंगामात आदल्या वर्षीचा विजेता डेल अर्नहार्ट आपली जुनी टीम सोडून मोकळा झाला, तेव्हा चिल्ड्रेसनी स्टिअरिंग त्याच्या हाती दिलं. आमच्या मते त्यांच्या कारकिर्दीतला सगळ्यांत मोठा निर्णय हाच. फळ मात्र लगेच मिळालं नाही. अर्नहार्ट दोन वर्षं दुसरीकडे गेला आणि टीमचा पहिला विजय 1983 मध्ये रिकी रडने मिळवून दिला. 1984 ला अर्नहार्ट परतला. त्यानंतर 1986, 87, 90, 91, 93 आणि 94 अशी सहा अजिंक्यपदं या जोडीने जिंकली.

प्रश्न (धुळे, गॅरेजचालक) : पिटमध्ये (शर्यतीत गाडी कामासाठी थांबते तिथे) मागच्या काचेतून लांब पाना घालून काहीतरी फिरवतात, ते काय असतं?

उत्तर : त्याला 'वेज' म्हणतात. 2022 च्या आधीच्या गाड्यांत मागच्या स्प्रिंगवरचा स्क्रू त्या पान्याने फिरवत. बाजेच्या एका पायाखाली पाटीचा तुकडा सरकवून पाहा : तो पाय आणि त्याच्या तिरप्या समोरचा पाय जास्त भार घेतात, उरलेले दोन हलके होतात. इथेही तसंच. डाव्या मागच्या चाकाचा स्प्रिंग दाबला की डावं मागचं आणि उजवं पुढचं या जोडीवर वजन जातं.

मोजायला चारही चाकांखाली काटे लावा. समजा गाडी 1450 किलोची आहे, उजवं पुढचं चाक 360 आणि डावं मागचं 390 दाखवतं. बेरीज 750, म्हणजे एकूण वजनाच्या सुमारे 51.7 टक्के. हा आकडा वाढला की डाव्या वळणावर गाडी 'टाइट' होते : पुढची चाकं वळत नाहीत, गाडी भिंतीकडे ओढते. कमी झाला की 'लूज' : मागचा भाग निसटतो. उजव्या मागच्या टायरमध्ये हवा वाढवली तरी गाडी लूजकडेच झुकते, कारण भार दुसऱ्या तिरप्या जोडीवर सरकतो. म्हणून वेज आणि हवा एकदम बदलू नका. कशाचा परिणाम झाला ते कळणार नाही.

प्रश्न (जळगाव, अभियांत्रिकीची विद्यार्थिनी) : इंजिनिअर असलेला कोणी चालक-मालक विजेता झाला आहे का?

उत्तर : ॲलन कुल्विकी. विस्कॉन्सिनचा मेकॅनिकल इंजिनिअर, छोट्या टीमचा मालक आणि चालकही. ज्युनियर जॉन्सन हेही आधी चालक, मग मालक : स्वतः 50 विजय, मालक म्हणून सहा अजिंक्यपदं. त्यांच्याकडची नोकरी कुल्विकीने नाकारली आणि 1992 च्या शेवटच्या शर्यतीत, अटलांटाला, त्यांच्याच गाडीतल्या बिल एलियटशी गाठ पडली.

त्या दिवसाचा हिशेब वहीत मांडून पाहा. शर्यतीआधी कुल्विकी एलियटच्या 10 गुणांनी पुढे होता. पहिल्याला 175 गुण, दुसऱ्याला 170. एक फेरी जरी आघाडीवर काढली तरी 5 जादा आणि सर्वाधिक फेऱ्या आघाडीवर राहणाऱ्याला आणखी 5. गुणांत सगळ्यांच्या पुढे असलेला डेव्ही ॲलिसन अपघातात मागे पडल्यावर कुल्विकीची टीम फेऱ्या मोजू लागली. सर्वाधिक फेऱ्यांचा बोनस पक्का होईपर्यंत तो पेट्रोलसाठी आत आलाच नाही. आल्यावरही थोडंच भरलं आणि मग पेट्रोल जपत गाडी शेवटापर्यंत नेली. एलियट जिंकला, कुल्विकी दुसरा. आघाडीच्या फेऱ्या : कुल्विकी 103, एलियट 102. दोघांनाही 180 गुण, फरक तसाच 10, म्हणजे अजिंक्यपद कुल्विकीचं.

ते 5 गुण एलियटकडे गेले असते तर 185 आणि 175, म्हणजे बरोबरी. बरोबरीत तेव्हा हंगामातले विजय मोजत. एलियटचे पाच होते, कुल्विकीचे दोन. पुढच्याच वर्षी, 1 एप्रिल 1993 ला, विमान अपघातात कुल्विकी गेला.